गच्चीच्या वॉटरप्रूफिंगचं अंदाजपत्रक कसं लिहावं : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सपाट आरसीसी गच्चीची कामं घेणाऱ्या ठेकेदारांसाठी ही माहिती आहे. सोसायटीच्या कमिटीवर असणाऱ्यांनाही हातात आलेलं कोटेशन तपासताना ती उपयोगी पडेल. उदाहरणासाठी सगळीकडे एकच गच्ची घेतली आहे : आतून ६० बाय ४० फूट, चारी बाजूंनी कठडा, आणि मध्ये सुटी उभी असलेली १५ बाय १० फुटांची जिन्याची खोली.

"टेरेस वॉटरप्रूफिंग, लमसम" अशी एकच ओळ लिहिली तर काय बिघडतं?

काम सुरू होईपर्यंत काहीच बिघडत नाही. चौथ्या दिवशी सेक्रेटरी विचारतात, "राडारोडा कधी उचलणार?" ठेकेदार म्हणतो, तो माझ्या कामात नव्हता. सेक्रेटरी म्हणतात, लमसम म्हणजे सगळं आलंच की! दोघंही आपापल्या जागी खरं बोलत असतात, कारण कागदावर काहीच लिहिलेलं नसतं. म्हणून अंदाजपत्रकातली प्रत्येक ओळ अशी हवी की तिसऱ्या माणसाने टेप घेऊन गच्चीवर जावं आणि काम झालं की नाही ते मोजून सांगावं. काय करणार, किती जाडीचं, किती मापाचं, कोणत्या मालाचं आणि त्यात काय धरलेलं नाही, या पाच गोष्टी प्रत्येक ओळीत आल्या की निम्मे वाद मिटतात.

गच्चीचं माप कसं घ्यायचं?

कठड्याच्या आतून आतपर्यंत. आपल्या उदाहरणात ६० × ४० = २४०० चौरस फूट. जिन्याच्या खोलीचे १५० वजा केले की आडवी गच्ची २२५० चौरस फूट राहते. बरेच जण इथेच थांबतात आणि फसतात. वॉटरप्रूफिंग भिंतीवरही किमान एक फूट चढवावं लागतं. कठड्याची आतली लांबी २०० रनिंग फूट आणि जिन्याच्या खोलीच्या बाहेरच्या चार भिंती ५० रनिंग फूट, म्हणजे एक फूट उंचीने आणखी २५० चौरस फूट. एकूण २५००. उभं माप विसरलं तर दहा टक्के काम फुकटात जातं.

आडवं आणि उभं माप वेगवेगळ्या ओळीत लिहा. पाण्याची टाकी खांबांवर असेल तर तिच्याखालची जागा वजा करू नका. तिथे वाकून काम करावं लागतं, मजुरी उलट जास्तच लागते. टाकी थेट गच्चीवर टेकलेली असेल तर ती हलवायची की तिच्या कडेने काम करायचं, हे स्पष्ट लिहा. कडेने करायचं ठरलं तर टाकीखालून येणाऱ्या गळतीची हमी देता येत नाही, हेही त्याच ओळीत हवं.

दर ब्रासवर द्यावा की चौरस फुटावर?

चौरस फुटावर. क्षेत्रफळात ब्रास म्हणजे १०० चौरस फूट. वाळू, खडी आणि राडारोड्यात ब्रास म्हणजे १०० घनफूट. एकाच कागदावर "२५ ब्रास वॉटरप्रूफिंग" आणि "१२ ब्रास डेब्रिज" असं आलं की कमिटीतला हिशेबी माणूस विचारणारच, पंचवीस ब्रासच्या कामात डेब्रिज बाराच ब्रास कसं? ब्रास फक्त राडारोड्यासाठी ठेवा आणि पुढे "घनफळ" असं लिहा.

पाहणीच्या वेळी काय टिपायचं?

टेप, दोरी, पाणसळ आणि हातोडी बरोबर हवी. हातोडीने कोबा, म्हणजे स्लॅबवर उतारासाठी केलेला विटांचे तुकडे आणि मॉर्टारचा थर, ठोकत जा. पोकळ आवाज येईल तिथे खडूने खूण करा आणि अशा भागाचं अंदाजे माप लिहून घ्या. आउटलेट, म्हणजे पाणी बाहेर जाण्याची तोंडं, किती आहेत, पाइपचं तोंड कोब्याच्या किती खाली आहे आणि सगळ्यात लांबच्या कोपऱ्यापासून आउटलेटपर्यंतचं अंतर किती, हे तीन आकडे तर हवेतच, कारण कोब्याची जाडी त्यांच्यावर ठरते.

सोलर हीटरचे स्टँड, डिश अँटेना, गच्चीवरून गेलेले नळाचे पाइप आणि केबल, कुंड्या यांची नगावारी यादी करा. या वस्तू कोण काढणार आणि परत कोण बसवणार, हे न लिहिल्यामुळे चार-चार दिवस मजूर बसून राहतात. कठड्याच्या माथ्यावर तडे आहेत का तेही पाहा. तिथून शिरलेलं पाणी भिंतीतून खालच्या खोलीत उतरतं आणि दोष गच्चीच्या कामावर येतो. शेवटी वरच्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये जाऊन ओल नेमकी कुठे आहे त्याचे फोटो घ्या आणि ते अंदाजपत्रकाला जोडा.

जुना कोबा काढण्याचा खर्च कसा धरायचा?

ही ओळ सगळ्यात जास्त अंगावर येते. २२५० चौरस फूट म्हणजे २०९ चौरस मीटर. कोब्याची सरासरी जाडी १२० मिमी धरली तर घट्ट स्थितीत २५ घनमीटर माल झाला. फोडल्यावर तो १.३ ते १.५ पट फुगतो, म्हणजे साधारण १२ ते १३ ब्रास राडारोडा. दोन ब्रासच्या डंपरने सहा-सात खेपा.

आता वजन. घनमीटरला सुमारे दोन टन धरले तर ५० टन. घमेल्यात २० किलो धरले तरी अडीच हजार घमेली खाली उतरवायची आणि नवा कोबा करायचा असेल तर जवळजवळ तितकाच माल परत वर चढवायचा. इमारत किती मजली आहे, सामान लिफ्टमधून नेऊ देणार आहेत का, हॉइस्ट लावायला जागा आहे का, यावर मजुरी फार बदलते. म्हणून फोडणं, खाली उतरवणं आणि अधिकृत जागी नेऊन टाकणं अशा तीन ओळी वेगळ्या ठेवा. "डेब्रिज आवारात ठेवायची मुदत ३ दिवस" असंही लिहा.

जुन्या कोब्यावरच नवा कोबा टाकला तर स्वस्त पडेल. तसं अंदाजपत्रक द्यावं का?

देऊ नका. १२० मिमीचा कोबा चौरस मीटरला सुमारे २४० किलो भरतो. माणसांची ये-जा असलेल्या सपाट छतासाठी आयएस ८७५ या भारांच्या भारतीय मानकाच्या दुसऱ्या भागात चल भार (माणसं, सामान यांचा बदलता भार) धरलाय चौरस मीटरला १.५ किलोन्यूटन, म्हणजे अंदाजे १५० किलो. स्लॅबवर एवढं कायमचं ओझं वाढवायचं तर स्ट्रक्चरल इंजिनिअरचं लेखी मत हवंच. शिवाय जुन्या थरात अडकलेलं पाणी नव्या थराखाली कोंडून राहतं आणि महिनोन्महिने खाली झिरपत राहतं. जुना कोबा घट्ट असेल, उतार बरोबर असेल आणि फक्त वरून बारीक तडे असतील, तर कोटिंग (ब्रशने किंवा रोलरने लावायचा लेप) किंवा मेंब्रेनचा (रोलमधून येणाऱ्या डांबरी चादरीचा) पर्याय द्या; त्यांचं वजन नगण्य असतं.

ब्रिकबॅट कोब्याची ओळ नेमकी कशी लिहावी?

केंद्रीय सार्वजनिक बांधकाम विभागाच्या दरसूचीतली या कामाची बाब डोळ्यांसमोर ठेवली तर काही सुटत नाही. तिचा क्रम असा : स्वच्छ केलेल्या स्लॅबवर चौरस मीटरला २.७५ किलो सिमेंटची, वॉटरप्रूफिंग कंपाउंड घातलेली स्लरी, म्हणजे पातळ घोळ. त्यावर १:५ (एक भाग सिमेंट, पाच भाग वाळू) मॉर्टारचा २० मिमी थर आणि त्यात २५ ते ११५ मिमी आकाराचे विटांचे तुकडे, फटींमध्ये तेच मॉर्टार भरून, उतार देत. भिंतीवर ३०० मिमीपर्यंत तेच काम, आणि भिंत व गच्ची मिळते तिथे वाटा (कोपऱ्याला गोलाई). दोन दिवस पाणी मारल्यावर स्लरीचा दुसरा हात. मग फायबर ग्लासची जाळी घालून १:४ मॉर्टारचा २० मिमी थर, तो घोटून ३०० मिमीचे चौकोन ३ मिमी खोल पाडायचे. शेवटी दोन आठवडे पाणी भरून ठेवायचं. सरासरी जाडी १२० मिमी, आउटलेटपाशी कमीत कमी ६५.

आता हे अंदाजपत्रकात उतरवताना सगळ्यात जास्त चूक जाडीत होते. "सरासरी ३ इंच" असं सवयीने लिहिलं जातं. आपल्या गच्चीत आउटलेट एकाच लांब बाजूला असतील तर पाण्याला ४० फूट, म्हणजे १२.२ मीटर जायचंय. १०० ला १ उताराने तेवढ्या अंतरात १२२ मिमी चढ लागतो. आउटलेटपाशी ६५ मिमी धरले तर पलीकडच्या टोकाला १८७ आणि सरासरी १२६ मिमी. तीन इंच म्हणजे ७५ मिमी. एवढ्यात हा उतार बसतच नाही. मग गवंडी उतार कमी करतो, मधोमध पाणी साचतं आणि दुसऱ्याच पावसाळ्यात तक्रार येते. समोरच्या बाजूलाही आउटलेट काढता आले तर अंतर निम्मं होतं, सरासरी जाडी ९५-९६ मिमीवर येते आणि वजनही घटतं. नवे आउटलेट पाडण्याचा खर्च धरूनही हा पर्याय कित्येकदा परवडतो, म्हणून दोन्ही आकडे गिऱ्हाइकासमोर ठेवावेत.

आउटलेटपाशीही ६५ मिमी कोबा बसवायचा तर पाइपचं तोंड तेवढं खाली हवं. ते वर असेल तर "आउटलेटचं तोंड फोडून खाली घेणे, जाळीसह, प्रति नग" ही वेगळी ओळ आलीच पाहिजे.

मालाचा पडताळा म्हणून : नुसत्या दोन स्लरींना, उभ्या मापासह २३२ चौरस मीटरला, १२७६ किलो सिमेंट लागतं, म्हणजे २६ गोणी. ज्याच्या हिशेबात संपूर्ण कामालाच तीस-पस्तीस गोणी धरल्या आहेत त्याने काहीतरी गाळलंय.

मेंब्रेनचे रोल किती धरायचे?

एपीपी (पॉलिमर मिसळलेल्या डांबराच्या) मेंब्रेनचा रोल १ मीटर रुंद आणि १० मीटर लांब, म्हणजे कागदावर १०७.६ चौरस फूट. पण कडेचा जोड १०० मिमी आणि टोकाचा जोड १५० मिमी एकावर एक चढवावा लागतो. प्रत्यक्षात एका रोलने ०.९ × ९.८५ मीटर, म्हणजे ९५ चौरस फूट झाकले जातात. आपल्या २५०० चौरस फुटांना १०७ ने भागलं तर २४ रोल येतात, खरे लागतात २७. कोपरे, आउटलेट आणि पाइपांच्या बुंध्याशी दुहेरी तुकडे लागतात, म्हणून २९ धरा.

ओळीत "एपीपी मेंब्रेन" एवढंच लिहू नका. जाडी ३ मिमी की ४ मिमी, आतली जाळी पॉलिएस्टरची की ग्लास फायबरची, वरचा पृष्ठभाग साधा की खनिज कणांचा, आणि साधा असेल तर वरून संरक्षक प्लास्टर धरलंय का, हे सगळं हवं. साध्या मेंब्रेनचं डांबर उघड्या उन्हात सुकून तडकतं. कठड्यात खाच पाडून मेंब्रेनची कड आत दाबणं आणि सीलंट भरणं ही २५० रनिंग फुटांची स्वतंत्र ओळ आहे. ती गाळली की कड सुटते आणि पाणी मागून शिरतं. आउटलेटमध्ये मेंब्रेन पाइपच्या आत चार इंच उतरवायची, तेही लिहा.

कोटिंगसाठी "दोन कोट" लिहिलं तर चालतं का?

नाही. ब्रश किंवा रोलर किती दाबला यावर कोटची जाडी ठरते, आणि दोन कोट म्हणजे किती माल, हे कोणालाच मोजता येत नाही. सुकल्यानंतरची जाडी आणि चौरस मीटरला लागणारा माल लिहा. समजा, ॲक्रिलिक कोटिंगमध्ये आकारमानाने निम्मा भाग पाण्याचा आहे. एक लिटर एक चौरस मीटरवर पसरला तर ओला थर १ मिमी, सुकल्यावर ०.५ मिमी. सुकून १ मिमी हवा असेल तर चौरस मीटरला दोन लिटर. आपल्या गच्चीला ४६४ लिटर, म्हणजे २० लिटरच्या २४ बादल्या. "रिकाम्या बादल्या कमिटीने मोजून घ्याव्यात" हे वाक्य अंदाजपत्रकात टाका. प्रामाणिक ठेकेदाराला त्याचा फायदाच होतो.

कोबा फोडल्यावर खाली काय निघेल ते आधी कळत नाही. ते कसं लिहायचं?

दर आज पक्का करा, माप नंतर घ्या. "स्लॅबमधील तडे व्ही आकारात कापून पॉलिमर मॉर्टारने भरणे : दर प्रति रनिंग फूट, अंदाजे ५० रनिंग फूट, बिल प्रत्यक्ष मापानुसार." गंजलेल्या सळया साफ करून वर पॉलिमर मॉर्टार करण्यासाठीही अशीच ओळ, चौरस फुटावर. या ओळींची रक्कम एकूण बेरजेत दाखवा, पण "तरतूद" अशा वेगळ्या मथळ्याखाली. कोबा निघाल्यावर कमिटीच्या माणसासोबत मापं घेऊन दोघांच्या सह्या झाल्याशिवाय पुढचं काम सुरू होणार नाही, अशी अट घाला. एकदा नवा थर पडला की ते मोजता येत नाही.

पाणी आणि वीज कोणाची?

बहुधा सोसायटीची, पण लिहिलेलं नसतं. हे काम उन्हाळ्यात चालतं आणि तेव्हाच पाण्याची बोंब असते. विटांचे तुकडे आधी भिजवले नाहीत तर ते मॉर्टारमधलं पाणी पितात आणि जोड भुसभुशीत राहतात. नंतर आळी बांधून दोन इंच पाणी भरायचं तर एका वेळेला सुमारे १०,६०० लिटर, म्हणजे मोठा टँकर, आणि बाष्पीभवनामुळे रोज थोडी भर. टँकरचे पैसे कोण देणार हे ठरलेलं नसेल तर पहिला काट पाण्याला बसतो, आणि कच्चा राहतो तो कोबा.

चाचणी कोणती आणि किती तास?

कोब्याला वर सांगितलेले पाणी भरून ठेवायचे दोन आठवडे आहेतच. मेंब्रेन किंवा कोटिंगनंतर आउटलेट बंद करून ७२ तास पाणी ठेवा. सुरुवातीला आणि शेवटी खालच्या फ्लॅटच्या छताचे तारखेसह फोटो काढा. मेंब्रेन लावण्याआधी पृष्ठभाग कोरडा आहे का तेही पाहावं लागतं : जाड प्लास्टिकचा चौकोन चारी कडांनी टेपने चिकटवून रात्रभर ठेवा, सकाळी खाली दव दिसलं तर अजून थांबा. ओलीवर लावलेली मेंब्रेन उन्हात फुगते. थांबण्याचे हे दिवस वेळापत्रकात धरा.

वरच्या फ्लॅटचं बिघडलेलं छत धरावं का?

धरावं, वेगळ्या भागात. महाराष्ट्रातल्या गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींनुसार गच्ची आणि कठड्याची दुरुस्ती सोसायटीच्या खर्चाने होते, आणि गच्चीतून झिरपलेल्या पावसाच्या पाण्याने खराब झालेलं वरच्या मजल्याचं छत व त्याचं प्लास्टरही त्यातच येतं. रंग मात्र स्लॅब पूर्ण सुकल्यावरच, हे लिहून ठेवा, नाहीतर फ्लॅटमालक आठव्या दिवशीच रंगाऱ्याची वाट पाहू लागतात.

जीएसटी कसा दाखवावा?

सामान आणि मजुरी मिळून केलेलं हे काम वर्क्स काँट्रॅक्ट ठरतं, त्यावर १८ टक्के. मूळ रक्कम, कर आणि एकूण अशा तीन ओळी द्या. "जीएसटी वेगळा" असं तळाला बारीक अक्षरात लिहू नका. ज्याची नोंदणी नाही त्याला कर आकारता येत नाही.

दर काढताना इथे एक फरक पडतो. नोंदणी असलेल्या ठेकेदाराला मालावर भरलेल्या कराचं क्रेडिट मिळतं, म्हणून त्याने मालाची करविरहित किंमत धरायची. समजा, सिमेंटची गोणी ३०० रुपये अधिक कर, म्हणजे ३५४. नोंदणीवाल्याने ३०० धरायचे, बिननोंदणीवाल्याने ३५४. ३५४ धरून वर पुन्हा १८ टक्के लावले की कोटेशन विनाकारण महाग दिसतं. २२ सप्टेंबर २०२५ पासून सिमेंटवरचा कर २८ वरून १८ टक्क्यांवर आलाय. त्याआधीचं दरविश्लेषण वापरत असाल तर ते नव्याने करा. सोसायटी बिलातून टीडीएस कापते, व्यक्तीला १ टक्का आणि भागीदारी फर्म किंवा कंपनीला २ टक्के, तेव्हा हातात येणारी रक्कम तेवढी कमी धरूनच मजुरीची सोय करा.

पैशांचे हप्ते कसे बांधावेत?

तारखांना बांधू नका, डोळ्यांना दिसणाऱ्या टप्प्यांना बांधा. एक चालणारी रचना : माल आल्यावर २० टक्के, जुना कोबा निघून राडारोडा उचलल्यावर २०, कोबा किंवा मेंब्रेन पूर्ण झाल्यावर ३५, पाण्याची चाचणी उतरल्यावर २०, आणि उरलेले ५ पहिला पावसाळा सरल्यावर.

हमीचं वाक्य कसं असावं?

"१० वर्षं गॅरंटी" हे वाक्य अपुरं आहे. गळती आली तर किती दिवसांत पाहणी, दुरुस्तीत माल आणि मजुरी दोन्ही धरलेत का, आणि हमी कशाने रद्द होते, ते लिहा. गच्चीवर कोणी सोलर स्टँडसाठी भोकं पाडली, टाकी हलवली किंवा आउटलेटची जाळी वर्षभर साफच केली नाही, तर ठेकेदार जबाबदार नाही. मेंब्रेन बनवणाऱ्या कंपनीची हमी मालावर असते, तुमची कामावर. दोन्ही वेगळ्या लिहा.

तीन कोटेशनं आली आहेत, एकाचा दर निम्मा आहे. कमिटीने काय पाहावं?

आधी मापं जुळवा : कोणी २२५०, कोणी २४००, कोणी २५०० धरलेत. मग जाडी, मग राडारोडा, मग कठड्यावरची उंची. गाळलेल्या बाबी दुसऱ्याच्या दराने भरून पुन्हा बेरीज करा. एवढं करूनही दर खूप कमी राहिला तर त्या ठेकेदाराकडे मालाची यादी मागा, गोणी, रोल, लिटर अशा हिशेबात.

अंदाजपत्रकाची मुदत किती ठेवावी?

३० दिवस. डांबराचे भाव खनिज तेलाबरोबर हलतात, त्यामुळे फेब्रुवारीचा मेंब्रेनचा दर मे महिन्यात टिकेलच असं नाही. आपल्या उदाहरणातल्या कोब्याच्या कामाला फोडण्यापासून चाचणीपर्यंत पाच ते सहा आठवडे लागतात. कोकण-मुंबईत जूनच्या पहिल्या पंधरवड्यात पाऊस येतो, तेव्हा एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यानंतर होकार आला तर जुना कोबा फोडायला घेऊ नये. उघड्या स्लॅबवर पहिली सर पडली तर नुकसान वरच्या मजल्यावरच्या कुटुंबाचं होतं. "१० एप्रिलनंतर कार्यादेश मिळाल्यास काम ऑक्टोबरनंतर, त्या वेळच्या दराने" ही अट सहीच्या अगदी वर, ठळक अक्षरात छापा.